नमुन्याची बंदूक, बिननमुन्याची बंदूक

१/
१८५७ च्या उठावाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्या एन्फिल्ड बंदुकीचे दफ्तरी नाव ‘नमुना १८५३’ असे होते. यातला ‘नमुना’ हा शब्द शब्दशः घ्यावा. ब्रिटिश लष्करी खाते एक बंदूक मान्य करी, तिला लाखेची मोहोर लावून ती जपून ठेवी, आणि पुढे तयार होणाऱ्या बंदुका त्या मोहोरबंद नमुन्याबरहुकूम व्हाव्यात अशी अपेक्षा असे. म्हणजे रणांगणावर गेलेली प्रत्येक एन्फिल्ड ही मुळातच एक प्रतिकृती होती.

अशा बंदुकीची आज मिळणारी प्रतिकृती विकत घेताना तिची प्रत कशी पारखावी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हा प्रश्न वेगळे वळण का घेतो, हा या थ्रेडचा विषय.

२/
प्रसंग माजरीचा आहे. भद्रावती तालुक्यातील माजरी म्हणजे कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन. वर्धा–बल्लारशाह मार्गावरून वणीकडे जाणारा फाटा येथून फुटतो. इथल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिकेला २१ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी मुलांचे छोटे नाटक बसवायचे होते.

तो दिवस बाबूराव शेडमाके यांच्या स्मृतीचा. मोलमपल्लीचे हे तरुण गोंड जमीनदार १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. नाटकासाठी बंदूक हवी होती, आणि ती पुठ्ठ्याची नको असे सर्वांचे मत पडले.

३/
शिक्षकांनी वर्गणी काढली. ‘१८५७ ची शिपायाची रायफल, हुबेहूब प्रतिकृती’ अशी जाहिरात पाहून परराज्यातील एका विक्रेत्याकडे १४,००० रुपये भरले गेले. लांबलचक खोके आले. शिक्षिकेने ते उघडण्याआधी घरी नेले, कारण तिचे वडील कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे फिटर होते. इतिहासाशी त्यांचा संबंध नव्हता, लोखंडाशी होता.

बंदूक पलंगावर ठेवून तिने विचारले, “बाबा, असली वाटते का?”

“असली-नकली मले नाही समजत, पोरी,” ते म्हणाले. “मले नमुना दे. मी फरक सांगतो.”

४/
या एका वाक्यात पारखीची सगळी रीत आली. ‘चांगली’ हे विशेषण एकटे उभे राहत नाही. कशाच्या तुलनेत चांगली, हे आधी ठरावे लागते. सुदैवाने एन्फिल्डच्या बाबतीत तुलनेला पुरेसा आधार आहे. एकूण लांबी ५५ इंच. नळी ३९ इंच. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर. वजन चार किलोंच्या आसपास. नळीला दस्त्याशी जखडणाऱ्या तीन कड्या. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. चापाभोवतीचे कडे आणि दस्त्याच्या टाचेची पट्टी पितळेची.

शिक्षिकेने हे आकडे वहीत उतरवले. वडिलांनी कपाटातून व्हर्नियर, चुंबक आणि आट्यांचे गेज काढले.

५/
आधी बाहेरून. लांबी जवळपास बरोबर भरली. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन मात्र ४ किलो ९०० ग्रॅम आले. हे जादा वजन कोठून आले, ते दस्त्याच्या मानेशी बोटे फिरवताच कळले. मूळ बंदुकीत ही जागा पकडीसाठी निमुळती असते. इथे ती जाड ठेवली होती. लाकूड शिसवाचे, वरून चकचकीत वॉर्निश.

मूळ दस्त्यांना जवसाचे तेल मुरवत. ते लाकडात शिरते, वर थर धरत नाही. जवस पिकवणाऱ्या या भागात वडिलांना ते सांगावे लागले नाही. “तेल पाजलेलं लाकूड हाताला चिकटत नाही,” एवढेच ते म्हणाले.

६/
मग लाकूड आणि धातू यांचा सांधा. बंदुकीची कळ, म्हणजे घोडा आणि चाप जोडणारी यंत्रणा, दस्त्यात कोरलेल्या खोबणीत बसते. चांगल्या कामात पट्टीच्या कडेभोवती केस शिरेल एवढीही फट राहत नाही. वाईट कामात फट लुगदीने भरून वर रंग दिलेला असतो. इथे दोन बाजूंना फट होती, पण भरलेली नव्हती. वडिलांना त्यात एक प्रामाणिकपणा दिसला.

पितळी भागांना चुंबक लावले; ते चिकटले नाही. शुद्ध पितळ की दुसरा मिश्रधातू, हे चुंबक सांगत नाही. पण लोखंडावर पिवळा मुलामा दिलेला नाही, इतके त्यावरून ठरले.

७/
स्क्रू हा सर्वांत बोलका साक्षीदार. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंना डोक्यावर एकच आडवी खाच असते. अधिक-चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. तो एकोणिसाव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूवर दिसला की पुढचे तपासण्याची गरज उरत नाही. इथे खाचा बरोबर होत्या. एक स्क्रू काढून त्यावर गेज ठेवले तर आटे आजच्या मेट्रिक मापाचे निघाले.

प्रतिकृतीत हा दोष मानू नये. ती आजच्या कारखान्यातली आहे, हे ती लपवत नाही. प्रतिकृती आणि बनावट यांतील सीमारेषा इथे आहे. प्रतिकृती मूळ वस्तूचे रूप घेते. बनावट मूळ वस्तूचे वयही घेते.

८/
बनावटीचे प्रसिद्ध उदाहरण वायव्य सरहद्दीवरचे. तेथील कारागीर ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलींच्या नकला हाताने करत आणि त्यांवर राजमुकुट व राणी व्हिक्टोरियाची इंग्रजी आद्याक्षरे ठोकत. अशा काही बंदुकांवर अक्षरे उलटी आढळतात. काहींवर राणीच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल असते. व्हिक्टोरियाचा मृत्यू जानेवारी १९०१ मध्ये झाला. लोखंड घडवणाऱ्या हाताला खूण दिसली होती; खुणेचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

माजरीत आलेल्या बंदुकीच्या कळपट्टीवरही मुकुट होता आणि खाली साल होते १८५३. शिक्षिका इथे थबकली.

९/
कळपट्टीवर ती विशिष्ट बंदूक ज्या वर्षी तयार झाली ते वर्ष घालण्याची रीत होती. नमुना मान्य झाल्याचे वर्ष नव्हे. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर त्या काळी मुकुटाऐवजी कंपनीचा पुढचे पंजे उचललेला सिंह कोरलेला असे. ‘शिपायाची रायफल’ म्हणून विकलेल्या वस्तूवर कंपनीची खूण नाही आणि नमुन्याचे वर्ष मात्र आहे, याचा अर्थ निर्मात्याने पुस्तकातले नाव वाचले, प्रत्यक्ष बंदूक वाचली नाही.

हा दोष मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. इतिहासाच्या वर्गासाठी मात्र तो मानेच्या जाडीपेक्षा मोठा ठरतो.

१०/
आता नळी. ‘नमुना १८५३’ चे वैशिष्ट्य नळीच्या आत आहे: तीन पीळदार खाचा, ७८ इंचांत एक पूर्ण फेरा घेणाऱ्या. नळी ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी बरोबर अर्धा फेरा घेते. या अर्ध्या फेऱ्यामुळे ती हवेत डळमळत नाही. साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. एन्फिल्डची मार करण्याची खात्रीलायक कक्षा त्याच्या कितीतरी पट होती.

वडिलांनी टॉर्च लावून आत पाहिले. खाचा नव्हत्या. साधी गुळगुळीत नळी, व्यास जवळपास १७ मिलिमीटर.

११/
“रायफल म्हणून घेतली अन् आत रायफलपण नाही,” वडील म्हणाले. पण या दोषापाशी इतिहासाचे एक कडू पान उघडते. उठाव मोडल्यानंतर भारतीय शिपायांच्या हाती पीळदार नळी द्यायची नाही, असे इंग्रजांनी ठरवले. त्यासाठी आधीच्या बंदुकांतील खाचा खरवडून ‘नमुना १८५८’ आणि मागोमाग ०.६५६ इंच व्यासाच्या गुळगुळीत नळीचा ‘नमुना १८५९’ काढण्यात आला. दूरचा नेम धरण्याची वरखाली होणारी शिडीही काढून साधी खुंटी बसवली. बाहेरून तीच बंदूक, आतून दुबळी.

निष्ठावंत शिपायालाही कमअस्सल शस्त्र मिळावे, यासाठी काळजीपूर्वक नमुना तयार करण्यात आला होता.

१२/
पारखीचा शेवटचा टप्पा कळीचा. घोडा अर्धा ओढला की एक खटका, पूर्ण ओढला की दुसरा. अर्ध्या खटक्यावर चाप दाबला तर घोडा पडता कामा नये. तो पडला नाही. कमान ताठ होती. घोडा ज्या बोंडीवर आपटतो, जिच्यावर तांब्याची टोपी म्हणजे केप बसवत, तिला भोकच नव्हते. नळीचा मागचा भागही भरीव होता. ही बंदूक बार काढू शकत नव्हती.

खेळण्यातली बंदूक अशी असते म्हणून कुणाला हे उणे वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र हाच तिचा सर्वांत मोठा गुण होता.

१३/
नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायच्या बंदुकीला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. या जंगलपट्ट्यात तिचे नाव भरमार. इतरत्र ती संग्रहालयात दिसते. गडचिरोलीत ती आजही पोलिसांच्या जप्तीच्या यादीत आणि वर्तमानपत्रात दिसते. शिकारीसाठी घरात राहिलेली, माओवादी दलांच्या हातात गेलेली, गावकऱ्यांनी पोलिसांकडे जमा केलेली भरमार ही इथली ताजी बातमी असते. इथे खांद्यावर जुन्या धाटणीची बंदूक घेऊन बसमध्ये चढणाऱ्या मुलाला ‘नाटकाची आहे’ हे उत्तर पुरेलच, असे नाही.

१४/
कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके शस्त्र अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तरच. ‘दुरुस्त करूनही’ ही अट महत्त्वाची. विक्रेत्याने पावतीवर ‘शोभेची’ लिहिले, एवढ्याने वस्तू शोभेची होत नाही. नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायचे तर कलम ६ नुसार परवाना लागतो.

शिक्षिकेने मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्याला लेखी माहिती दिली, पावती आणि छायाचित्रे जोडली. बंदूक शाळेबाहेर न्यायची नाही असेही ठरले.

१५/
पारख संपली. वडिलांचा निकाल: काम मध्यम, लोखंड बरे, लाकूड जड, फसवणूक नाही. पैसे वाया गेले नव्हते. मग शिक्षिकेने नाटकाची संहिता उघडली आणि तिला खरा दोष सापडला. तो बंदुकीत नव्हता.

ही बंदूक बाबूरावांच्या हातात द्यायची होती. १८५७ मध्ये एन्फिल्ड भारतीय शिपायांकडे नुकती येऊ लागली होती. डमडम, अंबाला, सियालकोट येथील प्रशिक्षण केंद्रांत तिचे धडे सुरू झाले होते. अहेरीच्या जंगलात गोंड आणि रोहिले यांची फौज उभारणाऱ्या जमीनदाराकडे ती असण्याचे कारण नव्हते. मुलांनी पाहिले असते ते असे, की राज्यकर्त्यांची नवी बंदूक बंडखोराच्या खांद्यावर आहे.

१६/
त्या काळी अशा फौजांचे नेहमीचे हत्यार होते तोडेदार बंदूक. तिच्यात चकमक नाही, केप नाही. सोऱ्यात भिजवलेला सुताचा दोर, म्हणजे तोडा, पेटता ठेवायचा. चाप ओढला की वाकडी चिमटी तो तोडा रंजकाच्या पात्रावर टेकवते, रंजक पेटते, कानातून आग नळीत जाते आणि बार निघतो. नळी लोहाराने पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून केलेली. दस्त्याला ती तारेने किंवा चामड्याने बांधलेली. ‘बत्ती देणे’, ‘ठासून भरणे’, ‘फुसका बार’ हे बोलीतले शब्दप्रयोग या दारूगोळ्याच्या जगातले आहेत.

शिक्षिकेने आता तोडेदार बंदुकीची प्रतिकृती शोधायला घेतली.

१७/
बाजारात ती मिळते, पण दिवाणखान्यासाठी: पितळेचे वेलबुट्टे, हस्तिदंतासारखे प्लॅस्टिक. तिने छायाचित्रे दाखवली. वडिलांनी नमुना मागितला. नमुना नव्हता. जंगलातल्या बंदुकीला मोहोर नसते. दर लोहाराची बंदूक निराळी. एन्फिल्डच्या बाबतीत मात्र मापे आणि गेज टिकले. १९७० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने या बंदुकीची प्रतिकृती काढली, तेव्हा जुन्या गेजांचा आधार घेता आला.

दुसऱ्या बाजूच्या बंदुका उठावानंतर गोळा करण्यात आल्या. लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे भारतीयांसाठी गुन्हा केले. जे जप्त झाले आणि मोडीत गेले, त्याची प्रतिकृती कोण आणि कशावरून करणार? जेत्याचे हत्यार हुबेहूब विकत मिळते आणि हरलेल्याचे मिळत नाही, याचे एक कारण इथे आहे.

१८/
नक्कल हा शब्द आपल्याकडे हिणकस ठरला आहे, पण महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली युरोपीय धाटणीच्याच तोफा आणि बंदुका तयार होत. तिथे शत्रूचा नमुना समोर ठेवून आपले बळ वाढवायचे होते. माजरीच्या शाळेत प्रश्न उलटा होता: नमुना हरवलेल्या वस्तूची नक्कल कशी करावी?

वडिलांनी थोडा विचार करून दुसरी कसोटी सांगितली. “माप नसंल तं काम पाय. हे हत्यार काम कसं करत होतं, ते त्यात दिसलं पायजे.”

१९/
या कसोटीवर बाजारातली तोडेदार बंदूक लगेच नापास झाली. तिची चिमटी रंजकाच्या पात्रापर्यंत पोचतच नव्हती. ती नुसती नक्षी होती. मग शाळेजवळच्या सुताराने सागाचा सरळ, सडपातळ दस्ता करून दिला. नळी म्हणून बांबू, काळा रंग दिलेला, बांधायला तार. चिमटी लाकडाची, पण चाप ओढला की बरोबर पात्रावर येणारी. तोडा म्हणून सुती दोर, टोकाला निखाऱ्यासाठी लाल चिंधी. जवळून पाहिले तर हे बांबू आहे हे लहान मूलही सांगेल. एन्फिल्ड १४,०००, ही ६५० रुपयांत.

२०/
एन्फिल्ड परत पाठवली नाही. ती इतिहासाच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. खाली शिक्षिकेच्या हस्ताक्षरातली पाटी: ‘नमुना १८५३ ची शोभेची प्रतिकृती. बार निघत नाही. वजन मूळापेक्षा जास्त, नळीत खाचा नाहीत, कळपट्टीवरील साल चुकीचे. ही बंदूक बाबूरावांची नाही.’

तालमीत २९ एप्रिल १८५८ चा प्रवेश होता: प्राणहितेच्या काठी तारखात्यातील इंग्रजांच्या छावणीवरचा हल्ला, ज्यात गार्टलंड आणि हॉल मारले गेले. नाटकात हा प्रवेश रात्रीचा घेतला होता. सातवीतला मुलगा बांबूची बंदूक घेऊन झुडपामागे दबा धरून बसला. दोन-तीन वेळा तालीम झाल्यावर, कुणी न सांगता, त्याने तोड्याच्या लाल टोकाभोवती डाव्या हाताची ओंजळ धरली. शिक्षिकेने कारण विचारले.

“मॅडम, अंधारात निखारा दिसते ना,” तो म्हणाला.